भरती आली की रोहित कुठे जातात?

ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. पलूस तालुक्याच्या या टोकाला उन्हाळ्यात उभं राहिलं तर येरळेच्या पात्रात वाळू आणि काटेरी झुडपांखेरीज फारसं काही दिसत नाही. पण याच नदीच्या खोऱ्यात वर, खटाव तालुक्यात, येरळवाडी आणि मायणीचे तलाव आहेत. थंडीत त्या तलावांच्या उथळ कडेला रोहित पक्षी उतरतात. दुष्काळात तलाव कोरडे पडले की ते फिरकत नाहीत, आणि तलाव काठोकाठ भरले तरी फिरकत नाहीत. पाय बुडतील पण चोच तळाला पोचेल एवढंच पाणी त्यांना हवं असतं. आपल्या भागातल्या माणसाला हा पक्षी त्यामुळे अगदीच परका नाही. मायणी, येरळवाडी आणि आसपासच्या तलावांना राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘संवर्धन राखीव’ म्हणून कायद्याचं संरक्षणही दिलं.

मात्र रोहितांचा खरा मेळा पाहायचा तर जिथे आपली द्राक्षं जातात तिथे जावं लागतं. पलूस-तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद आणि बेदाणा वाशीच्या घाऊक बाजारात उतरतो. त्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींपैकी हजारो माणसं सातारा-सांगलीची. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली इथे त्यांची घरं झाली आणि पोरंबाळं तिथेच वाढली. यातली बरीचशी वस्ती ठाणे खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोत्यांच्या आणि ट्रकच्या त्या जगापासून हाकेच्या अंतरावर, डिसेंबर ते मे या काळात, लाखभर गुलाबी पक्षी चिखलात माना घालून उभे असतात.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. पश्चिमेला मुंबई, पूर्वेला नवी मुंबई, वरच्या टोकाला ठाणे. अशा तीन शहरांच्या कुशीत सापडलेला पाण्याचा पट्टा जिवंत कसा राहिला याचंच आधी नवल वाटतं. ६ ऑगस्ट २०१५ रोजी राज्य सरकारने या खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी आहे. मालवणनंतरचं महाराष्ट्राचं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडी आणि तिचा परिसर मिळून ६,५२१ हेक्टरचं क्षेत्र रामसर यादीत गेलं. पाणथळ जागा जपण्यासाठी १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून या यादीला हे नाव पडलं. महाराष्ट्रातून नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर या यादीत पोचलेली ही तिसरी जागा.

एवढं संरक्षण मिळाल्यावर पक्ष्यांची काळजी मिटायला हवी होती. ती मिटली नाही, आणि त्याचं कारण नकाशावर दिसत नाही. ते कळण्यासाठी घड्याळ हातात घेऊन खाडीवर उभं राहावं लागतं.

समुद्र दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा खाली उतरतो. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सहा तासांचं अंतर असतं, आणि भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरपर्यंत फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. काठावरच्या आगरी-कोळी माणसाला हे पंचांग तोंडपाठ असतं, कारण त्याचं जाळं आणि त्याची होडी त्याच्यावर चालते. रोहितांचंही सगळं त्याच्यावरच चालतं. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि मैलोन्‌मैल चिखलपट्टी मोकळी होते. तेच त्यांचं ताट. भरती आली की त्या ताटावर माणूसभर पाणी चढतं. मग तास-दोन तास, कधी त्याहून जास्त, पक्ष्यांना दुसरीकडे उभं राहावंच लागतं.

ही दुसरी जागा म्हणजे काठावरची लहानसहान उथळ तळी, खाजणं, जुनी मिठागरं. नेरूळला पामबीच रस्त्याच्या पलीकडे, शाळेच्या नावावरून ओळखलं जाणारं डीपीएस तळं आहे. त्याच्याजवळच टीएस चाणक्य या नौकानयन शिक्षणसंस्थेमागची आणि एनआरआय वसाहतीमागची पाणथळ. खाडीच्या मुंबईकडच्या बाजूला भांडुप. दक्षिणेला उरण तालुक्यात पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. भरतीच्या वेळी रोहितांबरोबर शेकाटे, उचाट, तुतवार, चिखले आणि सुरय याच जागांवर दाटीवाटीने येऊन थांबतात. यातले कित्येक पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियातून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये परतीच्या उड्डाणासाठी त्यांना अंगावर चरबी चढवावी लागते. दर भरतीला जागा शोधत हेलपाटे घालावे लागले तर ती चढत नाही.

आणि यातल्या बहुतेक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. जेवणाची जागा राखीव झाली, टेकायची राहून गेली.

हा पक्षी जवळून पाहिला की त्याची नड नीट कळते. खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, पांढरट अंगाचा, त्याची चोच गुलाबी आणि टोक काळं. धाकटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच काळपट तांबडी. ठाणे खाडीत भर असते ती धाकट्यांची. जेवताना हा पक्षी मान खाली सोडून चोच उलटी धरतो, म्हणजे वरची चोच खाली आणि खालची वर. चोचीच्या आत बारीक पट्ट्यांची चाळणी असते. जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होत सेकंदाला अनेकदा पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. पाणी निघून जातं, निळंहिरवं सूक्ष्म शेवाळ चाळणीत अडकतं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळेच पिसं गुलाबी होतात. पिल्लं जन्मतः करडी असतात, रंग पुढे अन्नातून चढतो. मोठा रोहित चिखलात पाय आपटत गोल फिरतो आणि वर आलेले किडे, लहान कवचधारी जीव टिपतो. दोघेही ज्या चिखलावर जगतात तो जरा जास्त खोल झाला, वाळला किंवा बदलला तर त्यांना तिथे खायला काही उरत नाही.

हे पक्षी इथे अंडी घालत नाहीत. भारतातल्या रोहितांची मोठी वीण गुजरातेत, कच्छच्या रणात होते. पावसाळ्यात रणात पाणी साचलं की चिखलाची बुटकी बुरुजासारखी घरटी उभी राहतात. ‘बीएनएचएस’, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, या संस्थेने २०२२ मध्ये काही रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा ठाणे खाडी आणि गुजरातचा किनारा यांच्यातली त्यांची ये-जा नकाशावर उमटली. रोहित १९९० च्या दशकापासून या खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. बीएनएचएसच्या २०१९ च्या गणनेत आकडा लाखाच्या पुढे गेला होता.

एवढे पक्षी एका शहरी खाडीत का यावेत, याचं उत्तर मनाला रुचणारं नाही. तीन शहरांचं सांडपाणी खाडीत उतरतं. त्या पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं आणि शेवाळावर धाकटा रोहित पोसतो. म्हणजे लाखभर पक्षी दिसले म्हणून खाडी निरोगी आहे असं समजायचं कारण नाही. याच पाण्यातून मासळी किती कमी झाली हे कोळीवाड्यात जाऊन विचारावं. प्रदूषण एका मर्यादेपुढे गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मग शेवाळाचंही गणित बिघडतं. कांदळवनाचंही असंच. तिवरांची झाडं वाढली याचा आनंद होतो, व्हायलाच हवा. पण गाळ साचून खाडी उथळ झाली की तिवरं उघड्या चिखलपट्टीवर पसरतात आणि रोहितांची खाण्याची जागा तेवढी घटते. पाणथळ जपणं म्हणजे तिथे झाडं लावणं नव्हे. मोकळा चिखल ओसाड दिसतो, छायाचित्रात शोभत नाही, म्हणून त्याची बाजू घेणारा कोणी नसतो. मला तर या सगळ्या परिसंस्थेतला सर्वांत उपेक्षित घटक तोच वाटतो.

आता २०२४ चा उन्हाळा. डीपीएस तळं सुमारे तीस एकरांचं. खाडीचं पाणी भरतीला जमिनीखालच्या नळांतून आत यायचं आणि ओहोटीला बाहेर जायचं. नेरूळला प्रवासी जलवाहतुकीसाठी जेट्टी बांधली गेली, तिच्याकडे जाणारा रस्ता झाला आणि या कामात पाणी आत येण्याची वाट बुजली. त्या तळ्यात मातीचा एक ट्रकही कोणी ओतला नव्हता. नुसतं पाणी येणं थांबलं. एप्रिलपर्यंत तळ्याचा तळ भेगाळला. रोहित सवयीप्रमाणे भरतीला उडून आले, तर खाली कोरडी जमीन. थवे रात्री शहरावर भरकटू लागले. पामबीच रस्त्यावर, इमारतींच्या आवारात पक्षी जखमी होऊन पडलेले सापडले. काही मेले. त्याआधी त्याच वर्षी, जेट्टीकडच्या रस्त्यावर उभारलेल्या एका मोठ्या फलकावर आदळूनही रोहित मेले होते. फलक पुढे काढावा लागला.

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणारं दुबईचं विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्याला धडकलं आणि ३९ पक्षी मेले. त्या थव्याचा नेरूळच्या कोरड्या तळ्याशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, तो जोडणं बरोबरही नाही. पण एक गोष्ट त्या रात्रीने दाखवून दिली. हे पक्षी कुठे बसतात हा प्रश्न फक्त पक्षीप्रेमींचा राहिलेला नाही. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे, आणि तो खाडीच्या याच बाजूला, नेरूळ आणि उरण यांच्या दरम्यान आहे. बसायच्या ठरलेल्या जागा शाबूत राहिल्या तर थव्यांचे मार्गही ठरलेले राहतात. त्या मोडल्या तर पक्षी कुठेही उडतील, कुठेही उतरतील. विमानांसाठी पक्षी हाकलायचे असं म्हणणाऱ्यांनी हे उलटं गणित एकदा मांडून पाहावं. बीएनएचएसनेही याच कारणासाठी भांडुप, एनआरआय, टीएस चाणक्य, पाणजे, बेलपाडा आणि भेंडखळ या जागा अभयारण्याला जोडून जपाव्यात असं सुचवलेलं आहे.

नेरूळच्या तळ्याचं दुखणं कृष्णाकाठच्या माणसाला पटकन कळावं. आपल्याकडे उसाला पाणी भरभरून दिलं, खाली निचऱ्याची वाट राहिली नाही आणि चांगली काळी रानं क्षारपड झाली. तिथे जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून पाण्याला वाट करून द्यावी लागते. नेरूळला उलट घडलं, खारं पाणी आत यायचं बंद झालं आणि तळं मेलं. दोन्हीकडे दोष पाण्याचा नाही. दोन्हीकडे वाट बंद झालेली आहे, आणि वाट बंद झाल्याचं वरून लवकर कळत नाही.

खाजणाच्या काठावरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रायगडच्या खारभूमीत शेताच्या बांधात उघाडी असते, म्हणजे पाणी हवं तसं आत-बाहेर करायचा दरवाजा. उघाडी कोणी उघडायची, कधी मिटायची, फुटली तर कोणी बांधायची हे गावाने ठरवलेलं असायचं. उरणच्या पाणजे पाणथळीचा वाद याच मुद्द्यावर आहे. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडवल्या गेल्याच्या तक्रारी तिथले मच्छीमार आणि पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. भराव टाकणारा डंपर दिसतो, त्याचं छायाचित्र निघतं, गुन्हा नोंदवता येतो. बंद झडपेचं छायाचित्र काढून कोणाला काय कळणार?

कायद्याचंही तसंच आहे. कांदळवनाच्या बाबतीत न्यायालयांनी मोठं काम केलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली, त्याभोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम थांबवलं, आणि २०१८ च्या अंतिम निकालात ते अधिक पक्कं केलं. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. तिवराचं झाड आज तोडणाऱ्याला भीती वाटते, ती या निकालांमुळे. पण ज्या पाणथळीत झाड नाही, नुसता चिखल आणि वीतभर पाणी आहे, तिचं काय? केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं वगळली, आणि किनारी नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागाही वगळल्या, कारण त्यांना दुसरा कायदा आहे. दोन कायद्यांच्या बेचक्यात तळी राहून जातात. त्यात भर अशी की डीपीएस तळ्यासारख्या जागेला सिडको पाणथळ मानायलाच तयार नव्हती. सिडको म्हणजे १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी स्थापन झालेलं शासकीय महामंडळ. काठावरची बरीचशी जमीन तिच्या ताब्यात आहे आणि जमीन विकसित करणं हेच तिचं काम आहे.

एनआरआय-चाणक्यच्या पाणथळीवर गोल्फचं मैदान आणि निवासी इमारती उभ्या करायची योजना होती. नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या जागा पाणथळच आहेत असा निर्वाळा देऊन ती योजना अडवली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकेका तळ्यासाठी नागरिकांना इतकी वर्षं वकील लावून झगडावं लागणं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. पाणथळ आहे हे सिद्ध करण्याचं ओझं पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यावर पडतं, बांधकाम करणाऱ्यावर पडत नाही.

खरं तर नवी मुंबईला या जागांची गरज तिच्या स्वतःच्या जिवासाठी आहे. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलेला आहे. म्हणून आखणी करतानाच डच पद्धतीचे धारण तलाव ठेवले गेले. भरती असताना मुसळधार पाऊस झाला तर पाणी त्या तलावांत थांबतं, ओहोटी लागली की झडपांतून खाडीत जातं. आता त्यातल्या अनेक तलावांत गाळ साचून तिवरं उगवली आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसाळ्यात सांगली आणि कृष्णाकाठची गावं पुराखाली होती. पाण्याला टेकायला जागा ठेवली नाही की ते घरात येऊन बसतं, हे २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या पलूसकरांना वेगळं सांगायला नको. भिलवडी-अंकलखोपच्या पूररेषेत भराव पडतो तेव्हा जो धोका होतो तोच खाडीकाठी पाणथळ बुजवल्याने होतो.

डीपीएस तळ्याच्या बाबतीत नागरिकांनी आरडाओरडा केला तो वाया गेला नाही. राज्य सरकारने समिती नेमली, आणि एप्रिल २०२५ मध्ये हे तळं ‘संवर्धन राखीव’ करण्याचा निर्णय झाला. मायणीला जे कवच मिळालं तेच. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम सरकारी मालकीच्या जमिनीला लागू होतं, आणि अभयारण्याला लागून असलेल्या किंवा दोन संरक्षित जागांना जोडणाऱ्या क्षेत्रांसाठीच ते मुख्यतः आहे. भरतीच्या वेळी टेकायच्या तळ्याला याहून नेमकं कलम मिळणं कठीण.

पण कागदावर राखीव झाल्याने पाणी आत येत नाही. नळ अर्धेमुर्धे उघडे राहिले तर पाणी शिरतं पण खेळतं राहत नाही, आणि साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड थर धरतो. तो थर म्हणजे रोहितांचं अन्न नव्हे. त्याच्याखाली चिखल गुदमरतो. या तळ्याला हवी आहे रोजची देखभाल: नळाच्या तोंडाशी प्लास्टिक अडकलं का, गाळ किती बसला, उधाणाचं पाणी कुठवर चढलं, भांगाच्या भरतीला आत येतंय का. उन्हाळ्यात रोहित इथे असतात तेव्हा ही पाहणी प्रत्येक उधाणाला व्हायला हवी.

कायद्याने संवर्धन राखीवासाठी सल्लागार समिती सांगितली आहे. तिच्यात वन विभाग, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्था, शेती आणि पशुसंवर्धन विभाग, आणि ज्या गावांच्या हद्दीत ती जागा येते त्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. मायणीला ग्रामपंचायत आहे. नेरूळला ती नाही, महापालिका आहे. कलम लिहिताना शहरातलं तळं बहुधा कोणाच्या डोळ्यांसमोर नसावं. तेव्हा त्या खुर्चीवर करावे-सारसोळ्यासारख्या जुन्या कोळी-आगरी गावांतला, भरतीचं पंचांग तोंडपाठ असलेला माणूस बसवावा, आणि नळांच्या झडपांची जबाबदारी नाव घालून एका कर्मचाऱ्याकडे द्यावी.